उलटी नळी होती, वाळू नव्हती

तीर्थरूप मामांना,

परवाच्या सभेत सगळ्यात मोठ्याने हसलात, तरी भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीचं ब्लडप्रेशर? (माझं विचारू नका.) मी खुशाल आहे आणि मुळीच शरमलेली नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माफीची वाट बघत बसू नका.

चूक झाली, कबूल. तुमच्या परसात मी सात फुटी नळी जमिनीत ठोकली (मामीचे दोन गुलाब कामी आले), चिखलाने भरलेली वर ओढली आणि तिच्यावर वरचं टोक दाखवणारा बाण रेखायला विसरले. आमच्या भूगर्भशास्त्राच्या कामात त्या बाणावर सगळं चालतं. वरचा चिखल आजचा, खालचा फार जुना. मग शाळेच्या बांधकाम समितीसमोर ती नळी उभी चिरून टेबलावर मांडली, ती नेमकी उलटी, हा बघा हजारो वर्षांपूर्वीचा थर म्हणून ऐटीत बोट ठेवलं, आणि बोटाखाली निघालं बाटलीचं पत्र्याचं झाकण! सभा हसून लोटपोट. अध्यक्ष म्हणून तुम्ही लोकांना आवरायचं, ते सोडून डोळे पुसत म्हणालात की तेव्हाही लोक सोडा पीत असतील, आणि आपल्या चार पिढ्यांत समुद्राने कधी रस्ता ओलांडलेला नाही. झालं! नवी शाळा तुमच्या परसाला लागून असलेल्या त्या सखल जागेवरच, सोमवारी तुमची सही.

आता माझं ऐका. नळी उलटी धरा, आडवी धरा, डोक्यावर घेऊन नाचा. मधली चार बोटं पांढरी वाळू कुठेही जात नाही. वर काळा चिखल, खाली काळा चिखल, मधे समुद्राची वाळू आणि फुटके शिंपले. किनाऱ्यापासून अर्धा मैल आत, तुमच्या गुलाबांखाली, ती काय पायी चालत आली? लाट आली होती, मामा, आणि तुमच्या चार पिढ्या म्हणजे तिच्या लेखी काल दुपार. त्या जागेवर दोनशे पोरं बाकांवर बसणार आहेत, त्यात माझी धाकटीही. मला भीती वाटते, स्पष्ट सांगते. म्हणूनच मी गप्प बसणार नाही. हसा खुशाल.

तुमची,
(आता बाण न विसरणारी) भाची

ता. क. काल शाळेच्याच जागेवर दुसरी नळी ठोकली. बाण मामीच्या लाल नेलपॉलिशने काढलाय, तीन ठिकाणी. वाळूचे थरही तीन निघाले. नळी तुमच्या व्हरांड्यात ठेवलीय, आधी हात लावून बघा.

ता. क. २. शाळा टेकडीवरच्या जागेत हलवावी, असा अर्ज सोबत जोडलाय. सही त्याच्यावर हवी आहे.

ता. क. ३. मामी रोज विचारते, तिच्या गुलाबांखाली निघालेलं ते झाकण कशाचं. डॉक्टरांनी तुमची बाटली बंद करून सहा वर्षं झाली, आणि झाकणावरची तारीख याच वर्षीची आहे, हे मी सभेत बोलले नाही. (एवढं हसलात, तरी नाही.) मामीला म्हटलंय, अभ्यास चालू आहे. सोमवारी तुमची सही झाली की तो संपला म्हणून समजा.