काकांचं सन्मानचिन्ह आणि माझ्या ओळखी

ती. काका,

साष्टांग नमस्कार कागदावरच घालतो, कारण खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. परवाच्या मेळाव्यात सलग सहा तास उभा होतो, तेव्हापासून कंबर माझ्याशी बोलत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार हे मी इथे बसून सांगतो. काकू मोजायला बसल्या की तुम्ही सहा वेळा पाय उचलता आणि दहा म्हणता, असं त्यांनीच हिला फोनवर सांगितलं. (मी लिहिलं म्हणून त्यांना सांगू नका.) काकूंचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ही ठीक आहे, मुलगी ठीक आहे आणि मी घरी असतो.

पत्र लिहायचं कारण असं, की मेळावा कसा झाला हे तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी ‘छान झाला’ म्हणून फोन हिच्या हातात दिला. फोनवर काही गोष्टी सांगता येत नाहीत, समोरचा मध्येच प्रश्न विचारतो. पत्राला तो धोका नाही.

आमच्या कारखान्यातली पाडणीची खोली बंद होऊन पाच महिने झाले. सव्वीस वर्षं मी तिथे काय करत होतो हे घरात तुम्हालाच धड माहीत आहे, बाकीच्यांना मी ‘तपासणी विभागात’ आहे एवढंच ठाऊक. काचसामान भरलेलं खोकं कमरेइतकं उचलायचं, आधी कोपऱ्यावर पाडायचं, मग तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर, आणि उघडून आत काय वाचलं ते लिहून ठेवायचं. (घरी माझ्या हातून आजवर एक कपही फुटलेला नाही. ही म्हणते, हौस ऑफिसात फिटत होती.) आता खोकं न पाडताच ते फुटेल की नाही हे कॉम्प्युटर सांगतो म्हणे. सांगत असेल बापडा. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने सव्वीस वर्षं केलेलं एकुलतं एक काम कॉम्प्युटर मनातल्या मनात करतो म्हटल्यावर त्या माणसाने कुठे जायचं, हे त्या कॉम्प्युटरला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

त्यातच तुमचं निमंत्रण आलं. पुठ्ठा-खोके व्यावसायिकांच्या संघाने तुम्हाला जीवनगौरव द्यावा आणि नेमका त्याच महिन्यात तुमचा गुडघा कापावा लागावा, याला काय म्हणायचं! तू जा, माझ्या वतीने सन्मानचिन्ह घे, आणि तेवढ्यात चार माणसांशी ओळखी करून घे, घरी बसलेल्याला कुणी हाक मारत नाही, असं तुम्ही म्हणालात. याहून जास्त काही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. घरच्या माणसासाठी शब्द टाकायचा नाही हा तुमचा नेम. सव्वीस वर्षांपूर्वी मी तुमच्या खोक्यांच्या कारखान्याशेजारच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर नोकरीच्या रांगेत उभा होतो आणि तुम्ही स्कूटरवरून मान न वळवता निघून गेलात. मला त्याचा राग नाही. अभिमानच आहे, फक्त उन्हात तो जरा कमी वाटत होता.

मेळाव्याला जाण्याआधी तुमच्या धाकटीने माझी शिकवणी घेतली. (तिला हल्ली लोक असल्या विषयावर बोलायला बोलावतात, पोरगी नाव काढणार.) तिने सकाळी सात ध्वनिसंदेश पाठवले, ते मी दाढी करताना ऐकले, म्हणून दोनदा कापलं. एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे जायचं. हात घट्ट धरायचा, पण पिळायचा नाही. स्वतःबद्दल अर्ध्या मिनिटात सांगायचं आणि मग समोरच्याला विचारत राहायचं, कारण माणसाला स्वतःबद्दल बोलायला आवडतं. भेटलेल्या प्रत्येकाच्या कार्डामागे आठवणीसाठी दोन शब्द लिहायचे. आणि दादा, कुणाच्याही हातातली वस्तू घेऊन दाबून बघू नकोस, असंही तिने शेवटी सांगितलं. पोर मला ओळखून आहे.

दारातच एका मुलीने गळ्यात बिल्ला अडकवला. त्यावर तुमचं नाव होतं, ठळक, आणि खाली ‘यांच्या वतीने’ इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला माझ्या छातीला नाक लावावं लागलं असतं. तुमच्या नावावर ओळखी करायच्या नाहीत म्हणून मी तो उलटा केला. तो वाऱ्याने सुलटा झाला की मी पुन्हा उलटा करत होतो. लोक आधी बिल्ल्याकडे बघत आणि मग माझ्या तोंडाकडे, आणि दोन्हीकडे काही लिहिलेलं नाही म्हटल्यावर पुढे जात. एका गृहस्थांनी मला दिवे कमी करायला सांगितले. मी बटणं शोधून कमी केले, म्हणाल तर ती पहिली ओळख.

आत सगळी टेबलं छातीइतकी उंच आणि खुर्ची औषधालाही नाही. बसलं की माणूस एकाच माणसाशी बोलतो म्हणून खुर्च्या ठेवत नाहीत, असं कळलं. एका हातात बशी, दुसऱ्यात कप, आणि तेवढ्यात समोरचा हात पुढे करतो. माझी अर्ध्या मिनिटाची ओळख मी आरशासमोर पाठ केली होती, पण पहिल्याच घोळक्यात शिरल्यावर ती चहाबरोबर गिळली गेली आणि तोंडातून एवढंच बाहेर आलं, की मी सव्वीस वर्षं वस्तू पाडतोय. कुणी हसलं नाही. घोळक्यातल्या एकाने आपला कप दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांचं वर्तुळ हळूहळू असं फिरलं की मी बाहेर आणि ते सगळे आत. कुणी ढकललं नाही हं, सगळं सभ्यपणे झालं. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मी आपणहूनच बाहेर आलो.

मग खांबाशी एक दाढीवाले गृहस्थ एकटेच उभे दिसले. धाकटीचा पहिला नियम आठवून मी गेलो, हात घट्ट धरला, पिळला नाही, आणि विचारलं, तुम्ही या धंद्यात कसे आलात? ते म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे, पण आधी तुमचं सांगा. मी म्हटलं, माझं काय, तुमचं ऐकायला आवडेल. ते म्हणाले, छे छे, मला लोकांचे अनुभव ऐकायला आवडतात. दहा मिनिटं आम्ही एकमेकांचं ऐकायला उत्सुक होतो, काका, आणि दोघांपैकी कुणीही काहीही बोललं नव्हतं. शेवटी त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, की सहा महिने झाले, घरीच आहे. मी म्हटलं, पाच. मग आम्ही दोघांनी खांबाला पाठ टेकली आणि बिस्किटं खाल्ली. त्या सबंध दिवसातली तेवढी पंधरा मिनिटं माझी बरी गेली. त्यांच्या कार्डावर जुना हुद्दा पेनाने खोडलेला होता, सरळ पट्टी लावून खोडला होता. मागे मी काही लिहिलं नाही, ते विसरण्यासारखे नव्हते.

आता खरी गोष्ट सांगतो. जेवणानंतर सत्कार झाले. तुमचं नाव पुकारलं तेव्हा लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मी तुमच्या वतीने मान लववून त्या घेतल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सन्मानचिन्ह काचेचं, वीतभर, ज्योतीच्या आकाराचं. व्यासपीठाच्या बाजूला एका बाईंनी सगळ्या सन्मानचिन्हांसाठी आपल्या कारखान्याची खोकी भेट दिली होती. त्यांनी तुमचं चिन्ह स्वतः खोक्यात घातलं, झाकण लावलं आणि भोवतालच्या माणसांना सांगू लागल्या, की आमच्या खोक्यातली वस्तू कशीही गेली तरी तिला ओरखडा येत नाही. आणि मग खोकं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, घ्या, तुम्हीच बघा.

काका, मी बघितलं. त्यात मी कुठेच नव्हतो हो, सगळं हातांनी केलं. हातांनी खोकं कमरेइतकं उचललं, तिरकं केलं, खालचा डावा कोपरा जमिनीकडे वळवला आणि सोडलं. आवाजावरूनच मला कळलं. व्यासपीठावर पाहुण्यांचं भाषण चालू होतं तेही थांबलं. इतक्या वेळात त्या दाढीवाल्यांखेरीज माझ्याजवळ कुणी दोन मिनिटं थांबलं नव्हतं, ते सगळे आता माझ्याभोवती गोल करून उभे राहिले. आणि बिल्ला बरोब्बर त्याच वेळी सुलटा झाला. लोकांनी तुमचं नाव वाचलं, मग खोक्याकडे बघितलं.

बाई ओरडल्या नाहीत. त्या तिथेच उकिडव्या बसल्या, झाकण उघडलं, चार तुकडे बाहेर काढले आणि विचारलं, कोपराच का? मीही कंबर विसरून खाली बसलो. म्हटलं, बाजूंना तुम्ही गादी दिलीत, पण माल हमाल उतरवतात तेव्हा खोकं बाजूवर पडतच नाही, कोपऱ्यावर पडतं, आणि कोपऱ्यात तुम्ही काहीच ठेवलेलं नाही. त्यांनी बोट घालून पाहिलं. आठ महिने त्यांचा फुटका माल परत येतोय, त्यांची माणसं कधी रस्त्याला दोष देतात, कधी ड्रायव्हरला. मी पंचवीस मिनिटं बोललो. समोरच्याला एक प्रश्न विचारला नाही, धाकटीचा एकही नियम पाळला नाही, आणि बाई त्या फुटक्या खोक्याच्या झाकणावर लिहून घेत होत्या. निघताना त्यांनी नंबर घेतला, पण असे नंबर लोक घेतातच.

तर असा झाला मेळावा. काका, मी दमलो आहे. उभं राहून दमलो, हसून जास्त दमलो. रोज सकाळी आंघोळ करून, कपडे करून बाहेरच्या खोलीत बसतो, आणि ही स्वयंपाकघरातून विचारते, कुठे निघालात का? तिला वाईट वाटू नये म्हणून मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. तुमच्या सन्मानाची जी गत झाली त्याबद्दल माफी मागायला तोंड नाही, म्हणून हाताने मागतो आहे. काकूंना नमस्कार, धाकटीला तिची शिकवणी वाया गेली नाही असं सांगा. व्यायाम दहाच करा.

तुमचा पुतण्या

ता. क. पत्र पाकिटात घालतच होतो तर आज सकाळी त्या बाईंचा फोन आला. त्यांना कारखान्यात पाडणीची खोली काढायची आहे आणि माणूस हवा आहे. अट एकच, ज्यांची वस्तू फोडलीत त्यांचं पत्र आणा. मी तुमच्याकडे कामाला आहे अशी त्यांची समजूत झालेली आहे. मी खोटं बोललो नाही, नुसतं बोललो नाही. तर शुक्रवारच्या आत तुम्ही त्यांना पत्र पाठवायचं आहे. शिफारस मुळीच नको, तुमचा नेम मोडायला मी सांगणार नाही. तक्रार लिहा. हा माणूस हातात आलेलं खोकं पाडल्याशिवाय राहत नाही, आत कुणाचं काय आहे आणि समोर कोण उभं आहे याचा विचार करत नाही, आणि इतकी वर्षं झाली तरी सुधारला नाही, असं लिहा. यात एक शब्द खोटा नाही. जमलं तर जरा रागावून लिहा.

ता. क. २. सन्मानचिन्ह हिने चिकटवलं आहे. तुमचं नाव अखंड आहे, ज्योत थोडी डावीकडे झुकते. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा ‘फार सुंदर आहे’ म्हणालो ते खरं होतं, फक्त तेव्हा ते चार तुकड्यांत होतं.

ता. क. ३. हिने आत्ता सगळं पत्र वाचलं. म्हणते, एवढी पानं झाली, कंबर झाली, दाढीवाले झाले, तक्रार काय, शिफारस काय, काका काय परके आहेत? एका ओळीत लिहा. मी म्हटलं, एका ओळीत लिहायची लाज वाटते. ती म्हणाली, वाटू दे, आणि इथेच समोर उभी आहे. काका, मला नोकरी हवी आहे.