मलावीसाठी सात चाकू

२ डिसेंबर, सकाळी ७
नागपूरच्या एका संस्थेले आफ्रिकेत, मलावीच्या खेड्यात, संत्र्याची रोपवाटिका लावायची आहे. तीन महिन्यांसाठी एक जाणकार पाहिजे. पूर्ण सौंसर तालुक्यात जाणकार कोण? मीच न! फॉर्म भरला. डोळे भरायचा, म्हणजे कलम करायचा, अनुभव: तीस वर्षं. म्हणजे डोळे माझ्या रोपवाटिकेतली शकुबाई भरते, पण उभा मी राहतो. जंबेरी लिंबाच्या खुंटाले काप द्यायचा, सालीखाली संत्र्याचा डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. त्यात काय आहे?

४ डिसेंबर
चाकू महत्त्वाचा. तिकडं खेड्यात काय मिळते, काय नाही. यादी केली: कलमेचा, फळाचा, झुडपाचा, सापाचा, सिंहाचा. वंदना म्हणे, सिंहाले चाकू दाखवून काय करसान, तो काय कांदा आहे? बायकोले व्हिजन नाही.

९ डिसेंबर
जर्मन चाकू आला. हाडाची मूठ. शकुबाईले चालवून पाहायले दिला. घसरला अन् तिच्या अंगठ्यात गेला. रक्त सगळं मुठीवर. हाडावरचा डाग जात नाही! लय बोललो तिले. म्हणे, मालक, पातं जाड आहे, साल उचलत नाही. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून, त्याले सायकलचा ट्यूब गुंडाळून तीस वर्षं वापरून राहिली, तिले जर्मन काय समजणार? तो तुकडा माझ्या बाबूजींनी तिले करून दिला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, नाहीतर मलेच दिला असता.
वरून डावखुरी. पट्टी उलटीच गुंडाळते. कितीदा सांगितलं, सरळ गुंडाळ, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

१५ डिसेंबर
लोधीखेड्याच्या लोहाराकडून सुरा आणला. ऑनलाइन एक सत्तावीस कामांचा आला, त्यात काटाचमचासुद्धा आहे. एकाच्या मुठीत होकायंत्र. घरातले तीन धरून सात झाले. उद्यापासून रोज पन्नास डोळे भरायची प्रॅक्टिस.

१६ डिसेंबर
थंडी. उद्यापासून.

१७ डिसेंबर
चाकूंसाठी रेग्झिनची पिशवी शिवायले टाकली. सात कप्पे. प्रॅक्टिस पिशवी आल्यावर, म्हणजे सवय बरोबर लागते.

२० डिसेंबर
शकुबाईनं विचारलं, मालक, पासपोर्ट झाला का? हिले काय करायचं? दोन वर्षांमागं ही विहाराच्या बायांसंगं लंकेले जाऊन आली. आठ दिवस रोपवाटिका बंद. आल्यावर महिनाभर सुनावलं होतं, आता विमानानंच येत जा कामाले. बाकीच्या बाया हसल्या. तीही हसली थोडी.
माझा पासपोर्ट होऊनच राहिला आहे. फोटो काढायचा आहे फक्त.

६ जानेवारी, संध्याकाळ
संस्थेची दीपाली मॅडम आली. तिशीच्या आतली पोरगी. म्हणे, दहा डोळे भरून दाखवा. पिशवी उघडली. सगळे पाहून राहिले. जर्मन काढला. पहिला खुंट आरपार. दुसऱ्यात अंगठा. तिसरा जमला. तिनं पट्टी सोडून पाहिली अन् म्हणे, काका, डोळा उलटा बसवला तुम्ही, याचं डोकं खाली आहे.
काका!
म्हटलं, आमच्याकडची नवी पद्धत आहे. ह्या ओळी कोणी बांधल्या, म्हणे. म्हटलं, आपणच. शकुबाई मान खाली घालून उभी. मॅडमनंच तिले खुंटापाशी बसवलं. माझा चहा निवायच्या आत दहा झाले.
उजेड बरोबर नव्हता. जर्मन चाकू थंडीत आखडते, असं कुठंतरी वाचलं आहे.

१० जानेवारी
शकुबाईची निवड. पासपोर्ट तयार होता म्हणून, दुसरं काही नाही. वंदना तिच्यासाठी पेढे घेऊन गेली. माझ्या घरातून!

११ जानेवारी
शांतपणे विचार केला. अडाणी बाई, तिच्या हातात काय असणार? करामत ब्लेडची आहे. बाबूजींचा माल. म्हणजे हक्कानं माझाच.

४ फेब्रुवारी, सकाळी १०
शकुबाई गेली. निघायच्या आधी थोडा वेळ ओळीत जाऊन बसली होती. हाक मारून उठवली. म्हटलं, तो ब्लेड ठेव इथं, विमानात पकडतात. म्हणे, खाली द्यायच्या पेटीत चालते मालक, मी लंकेले जाताना नारळाचा विळा नेला होता. म्हटलं, नियम बदलले. तिनं पदरानं मूठ पुसली अन् दिला. डोळ्यात पाणी होतं. मले वाईट वाटलं थोडं. म्हणून बसमध्ये खायले बारा संत्री दिली.
आता हजार खुंट मी स्वतः भरणार. फोटोसकट मॅडमले पाठवतो.

१० फेब्रुवारी
हजार झाले! मीच भरले. ब्लेड लोण्यासारखा चालते. पाठ गेली, पण मन लय मोठं झालं. बाबूजी आज पाहिजे होते.

१ मार्च
शकुबाईचा व्हिडिओ कॉल. मागं लाल माती, पंधरा-वीस बाया, हिरव्या ओळी. म्हटलं, चाकूचं कसं केलं? म्हणे, इथल्या लोहारानं एका दिवसात करून दिला, तो ब्लेड तुमच्यापाशीच राहू द्या. मग विचारलं, मालक, आपले डोळे लागले का? म्हटलं, सगळे.
मॅडमही तिथंच होती, मधातच म्हणे, संस्था शकुबाईंना दोन वर्षं ठेवायचं म्हणून राहिली आहे.
मी फोन वंदनाले देऊन टाकला.

५ मार्च, सकाळी ९
ओळीत फिरलो, एकेक डोळा पाहिला. काळे. काळे. काळे. मग कोपऱ्यात सहा हिरवेगार! लागले! हजारात सहा, पण लागले न! म्हणजे हात आहे. जोरात वंदनाले हाक मारली. फोटो मॅडमले पाठवला, लिहिलं, माझं नाव पुन्हा विचारात घ्यावं.

५ मार्च, दुपारी १२
मॅडमचं उत्तर आलं. फोटो शकुबाईंना दाखवला. फार खूश झाल्या. म्हणाल्या, निघायच्या सकाळी घाईत भरलेले सहा जगले, बरं झालं. मालकांना म्हणा, पट्टी हळू सोडा.
कोपऱ्यात गेलो. सहाही पट्ट्या उलट्या.
सोडायले बसलो. पहिला डोळा तुटून हातात आला. दुसराही. वंदनानं माझ्या हातातून ब्लेड काढून घेतला. म्हणे, राहू द्या आता, शकुबाई येईल तेव्हा सोडील.
म्हटलं, येईल न ती?
वंदना ब्लेड पदराले पुसून घरात गेली.