पाकीट ‘ख’

६ जानेवारी २०२५

बाबांचा रिपोर्ट आला. एलडीएल कोलेस्टेरॉल १७२! मागच्या वर्षी १६५ होतं. हृदयाच्या एका नळीत अडथळा आहे हे तेव्हाच दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, स्टेंट नको, पण गोळी रोज घ्या. बाबांनी मान हलवली होती. गोळी एकदाही आणली नाही.

आज जेवताना विषय काढला.

“मले नाही पायजे गोळी. आमच्या प्लांटातले शामराव पाहा. गोळी सुरू झाली अन् माणूस म्हातारा झाला.”

“शामराव पासष्ट वर्षांचे आहेत, बाबा.”

“तेच तर म्हणून राहिलो!”

मग त्यांनीच सौदा मांडला. “तू कुल्थीचं पावडर बनवतेस ना कोलेस्टेरॉलसाठी? लोकायले पाजतेस अन् बापाले गोळी?” तीन महिने रोज पावडर. आकडा १३० च्या खाली आला नाही, तर गोळी.

मी हो म्हटलं. तीन महिने वाया जातील, हे माहीत असून. कधीच न घेण्यापेक्षा तीन महिन्यांनी घेतलेली बरी.

९ जानेवारी

प्रयोगशाळेत सरांना विचारलं. म्हणाले, जास्तीची पाकिटं ने, पण घरचा आकडा आपल्या तक्त्यात येणार नाही. बरोबर आहे.

चाचणीत आम्ही स्वयंसेवकांना दोन प्रकारची पाकिटं देतो, ‘क’ आणि ‘ख’. एकात कुळिथाचं प्रथिन, दुसऱ्यात तुलनेसाठी दुधाचं. दोन्हींत जिरं आणि काळं मीठ. कशात काय, ते फक्त सरांना ठाऊक. स्वयंसेवकांना नाही, मला नाही, माझ्यासोबत काम करणाऱ्या सोनियालाही नाही.

जास्तीची ‘ख’ होती. एक पाण्यात ढवळून पाहिलं. फेस छान आला, टिकला. कुळिथाचा असाच टिकतो. म्हणजे ‘ख’ हेच कुळीथ. खोकं घरी आणलं.

१२ जानेवारी

बाबांनी ग्लासाचा वास घेतला. “कुल्थी तर घोड्याले देतेत.”

आई म्हणाली, “घोड्याले कधी हार्ट अटॅक आला ऐकलं काय? प्या गुमान.”

हे काम कसं करतं, विचारत होते. सांगितलं : यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं. बियांतली काही प्रथिनं आतड्यात त्या पित्ताला धरतात आणि बाहेर घेऊन जातात. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. निदान असा आमचा अंदाज आहे.

“म्हणजे भट्टी खाली झाली की यार्डातला माल आत घ्यावाच लागते.”

सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं स्पंज आयर्न काढलेला माणूस. माझ्या सादरीकरणापेक्षा हे बरं होतं.

४ फेब्रुवारी

स्वयंसेवकांचे मधले आकडे आले. ‘क’ आणि ‘ख’मध्ये फरक नाही. काहीच नाही.

सर म्हणाले, शेवटच्या तपासणीतही हेच दिसलं तर प्रकल्प पुढे जाणार नाही. माझी नेमणूक प्रकल्पापुरतीच आहे, हे ते बोलले नाहीत. मलाही आठवण करून द्यायची गरज वाटली नाही.

घरी आईला एवढंच सांगितलं की पावडर चालत नाहीये बहुतेक. जेवले नाही. भूक नव्हती. रडले वगैरे नाही.

बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत होते.

५ फेब्रुवारी

बाबा कामावर उशिरा गेले. म्हणे बँकेत काम होतं.

२३ फेब्रुवारी

बाबांच्या पोटऱ्या दुखतात. आई मोहरीचं तेल लावून देते. भट्टीचे जिने कमी करा, म्हटलं. “हव,” म्हणाले. वाद घातला नाही! आजकाल ग्लासही न सांगता पितात. तळ बोटानं पुसून घेतात.

७ एप्रिल

१०८!

दोनदा पाहिलं. नाव बरोबर, तारीख बरोबर. एलडीएल १०८.

बाबा आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात नवरदेवासारखे फिरले. पानवाल्याला रिपोर्ट दाखवला. इस्त्रीवाल्या भैयालाही. “माह्या पोट्टीनं उतरवलं. गोळी नाही, काही नाही. कुल्थी!”

मी हसले. खूप दिवसांनी असं हसले असेन.

८ एप्रिल

१७२ वरून १०८. सदतीस टक्के.

इथेच अडले आहे. सोयाबीनच्या प्रथिनावर इतकी वर्षं काम झालं, तिथे घट तीन-चार टक्क्यांची. कुळीथ असं काय वेगळं करणार? सोनियाला दाखवलं. म्हणाली, “अरे दीदी, पापा ठीक हो गए, खुश हो ले ना! हर चीज़ में टक्का निकालती है.”

खूश आहे. पण टक्का निघालाय, तो परत आत जात नाही.

१७ एप्रिल

आज सरांनी सगळ्यांसमोर पाकिटांचं कोड उघडलं.

कुळीथ असलेल्या गटाचं एलडीएल दुसऱ्या गटापेक्षा चार टक्के जास्त उतरलं. थोडं आहे, पण खरं आहे. आम्ही सगळं गणित पुन्हा करून पाहिलं. सर म्हणाले, प्रकल्प पुढे जाईल. सोनियानं समोसे मागवले.

कुळीथ ‘क’मध्ये होतं.

‘ख’ म्हणजे दूध. तीन महिने बाबा दुधाचं प्रथिन पीत होते. फेसावरून ठरवलं मी! दुसऱ्या कुणी असं ठरवलं असतं तर तिला दारातून परत पाठवलं असतं.

१८ एप्रिल

दूध पिऊन सदतीस टक्के उतरत नाहीत. पण हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या लहान डोसचा आकडा साधारण हाच असतो. आणि त्या गोळीनं काही जणांच्या पोटऱ्या दुखतात.

आई मेथी निवडत होती. विचारलं, बाबा गोळी घेतात?

“मले विचारू नको. मले शपथ घातली आहे.”

“बरं.”

“फेब्रुवारीपासून घेऊन राहिले,” ती म्हणाली. मेथीची जुडी संपेपर्यंत वर पाहिलं नाही. “तू जेवली नाहीस त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले डॉक्टरकडे. बँकेत कुठले! गोळ्या माह्या मसाल्याच्या डब्यामागं ठेवतेत, तू तिकडं जात नाहीस म्हणून. म्हणे, पोट्टीचं पावडर फेल नाही झालं पायजे.”

गोळी नको म्हणून पावडर घेतली. आणि पावडर हरू नये म्हणून गोळी.

खोलीत येऊन दार लावलं. 

२० एप्रिल

आज ‘क’ दिलं. बाबांनी तोंड वाकडं केलं. “चव बदलली काहून?”

“नवीन बॅच आहे. आणि पोटऱ्या अजून दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलून देतात. बंद मात्र करायची नाही.”

ग्लास ओठांपाशी थांबला. आई ओट्याकडे वळली.

“हव,” बाबा म्हणाले. सगळं प्यायले, तळ बोटानं पुसला. “पण उतरलं तुह्या पावडरनंच. गोळी तर फक्त सोबतीले होती.”