जे लिहिलं तेच छापणारं यंत्र

अंबरनाथ (पूर्व),
फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप सौ. अक्का हिस, धाकट्या धोंडिबाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व इकडे धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. दाजींना नमस्कार सांग आणि मिठागरावर अनवाणी फिरू नका म्हणावं. (ऐकणार नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण पत्रात लिहायची रीत असते.) तू विचारलंस की तुझ्या हरिचंद्राच्या लग्नाचं नक्की काय झालं, आणि एका घरात राहून आम्ही मामा-भाचे बोलत का नाही. पैकी लग्न ठरलं आहे. आणि बोलणं बंद आहे, कारण घरात एक यंत्र आलं आहे. दोन्ही गोष्टींचं श्रेय लोक त्या यंत्रालाच देतात. तेव्हा त्याची लायकी काय ती तुला एकदा सविस्तर कळवतो.

तुला आठवत असेल, हरिचंद्र अंधशाळेतून सुटीला माझ्याकडे यायचा तेव्हा मी त्याच्यासाठी ब्रेल शिकलो. बोटांनी नव्हे, डोळ्यांनी. कागद उजेडात तिरपा धरायचा आणि ठिपक्यांच्या सावल्या वाचायच्या. पुढे तो इथल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला, माझ्याकडेच राहिला, आणि आमची वाटणी ठरून गेली. त्याने ब्रेलच्या पाटीवर कागद लावून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, आणि मी ते वाचून डोळसांच्या अक्षरांत उतरवायचं. प्रश्नपत्रिका, अर्ज, पत्रं, सगळं. आलेलं टपाल मी मोठ्याने वाचायचं. रोज जेवण झालं की तासभर हेच. कंपनीच्या स्टोअरमध्ये जन्म काढल्याने माझं इंग्रजी कसं आहे ते तू जाणतेसच. मोठमोठे इंजिनियर मेमो लिहायला माझ्याकडे यायचे.

हे सगळं सुरळीत चाललं असताना मुंबईच्या कुठल्याशा संस्थेला पुण्य कमवायची हुक्की आली आणि तिने हरिचंद्राला हे अमेरिकन यंत्र भेट दिलं. वीतभर लांबीचा काळा डबा, वर सात बटणं. सहा ठिपक्यांची सहा आणि जागा सोडायचं एक. पडदा नाही, कागद नाही. बटणं दाबून ब्रेल लिहायचं, मग तो डबा ते पोटात ठेवतो, सर्दी झालेल्या गोऱ्या माणसासारखा वाचून दाखवतो, आणि वायरीने प्रिंटरला जोडला की डोळसांच्या अक्षरांत छापून देतो. समारंभ झाला. हार, नारळ, तीन भाषणं, आणि तिन्ही भाषणांत ‘अंधारातून प्रकाशाकडे’. मानपत्र खास ब्रेलमध्ये करून आणलं होतं, आणि चौकट करून वर काच बसवली होती! हरिचंद्राने काचेवरून हात फिरवला आणि ‘फार गुळगुळीत लिहिलंय’ म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा अकलेच्या लोकांनी दिलेलं यंत्र, अक्का, म्हणजे तूच समज.

दसऱ्याला आमच्या हिने, भागीरथीने, त्याची पूजा केली. माझं शिवणयंत्र, विळी, पाना-पक्कड यांच्या रांगेत डब्यालाही बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि मूठभर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी हरिचंद्राने त्यावर ‘हेलो’ लिहिलं तर डबा म्हणाला ‘हेब्बे’. पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘हेब्बे’. तिसऱ्या ठिपक्याच्या बटणाखाली तांदूळ शिरला होता. तो ठिपका दबेना, म्हणून ज्या ज्या अक्षरात तो ठिपका त्याचं त्याचं दुसरंच अक्षर होत होतं. आता मला सांग, आपली ब्रेलची पाटी इतकी वर्षं पूजेत बसते आहे, ती कधी हेब्बे म्हणाली? शेवटी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये वाधुमल म्हणून एक रेडिओ-कॅसेटवाला आहे, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने डबा उघडला, चिमट्याने कुंकू लागलेला दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “साईं, मशीन फस्क्लास है, बस चावल कम खिलाओ.” आमच्या हिला हा निरोप सांगितल्यावर ती दिवसभर हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बरं, मराठी त्याला येत नाही. मराठी ब्रेल लिहिलं तर तो ते इंग्रजी समजतो आणि कागदावर खिचडी शिजवतो. आलेलं पत्र वाचता येत नाही, कारण डोळे नाहीत. मग येतं काय? तर इंग्रजीत जे लिहिलं तेच छापतो. अगदी तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि याचं लोकांना कौतुक! अगं, जे लिहिलं तेच उतरवायला अक्कल कशाला लागते? अक्कल लागते ती काय उतरवू नये हे कळायला. हरिचंद्र तापट. आपल्या आबांवर गेला आहे. तो रागाच्या भरात काहीही टोचायचा, मी ते उतरवताना गाळणीतून गाळून घ्यायचो. चहा आपण गाळतो, त्याला कुणी खोटेपणा म्हणतं का?

नळाच्या पाण्याचंच बघ. धरण उशाला आणि कोरड घशाला अशी आमची गत. बारवीचं पाणी आमच्या दारावरून पुढे जातं, आमच्या नळाला मात्र सूं सूं. हरिचंद्र दर उन्हाळ्यात अर्ज टोचायचा, आणि मी त्याचं ‘सविनय सादर करतो की, आपल्या अमूल्य वेळातून’ असं सुंदर इंग्रजी करून पाठवायचो. उत्तर येत नसे, पण कुणी दुखावलंही जात नसे. यंदा त्याने उन्हाळ्याआधीच परस्पर डब्यावर लिहिलं आणि शाळेच्या प्रिंटरवर छापून धाडलं, की आमच्याच गल्लीत राहणाऱ्या तुमच्या साहेबांचा नळ याच पाइपावर आहे, त्यांना पाणी येतं आणि आम्हाला हवा येते, यामागचं शास्त्र समजावून घ्यायला मी कचेरीत येऊ की तुम्ही इकडे येता? आठवड्यात दोन इंजिनियर आणि एक प्लंबर दारात. पाणी आलं. गल्ली त्याचं कौतुक करते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की इतक्या वर्षांच्या अर्जांनी मऊ झालेली कचेरी शेवटच्या धक्क्याला हलली. पण हे ऐकायला कुणाला सवड नाही.

आता लग्नाचं. चामटोलीच्या मधु पाटलांची तुळशी, इथल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहे. स्थळ मीच काढलं. मुलगी शहाणी. तिने सांगितलं, दिसत नाही याचं मला काही नाही, पण माणूस कसा आहे ते कळू दे, आधी पत्रं लिहू देत. आणि इंग्रजीत लिहू देत, कारण घरात कुणाला इंग्रजी येत नाही. (मधे मी आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं.) झालं. शाळेच्या प्रिंटरवर खासगी पत्र नको, म्हणून हरिचंद्राने पहिलं पत्र पाटीवरच टोचलं. काय होतं त्यात? मला राग लवकर येतो. चहा मी चांगला करतो, पण गॅस पेटवताना कुणी माझा हात धरला तर मी चहाच पीत नाही. रस्त्यात अनोळखी माणसं मला विचारल्याशिवाय पलीकडे नेऊन सोडतात, तिथे माझं काही काम नसतं. तुमचा आवाज फोनवर ऐकला तेव्हा शाळेचा नंबर सांगायला मी विसरलो. अक्का, हे काय स्थळाला लिहायचं? मी ते सगळं बाजूला ठेवलं आणि ‘आदरणीय महोदया’पासून सुरुवात करून प्रकृती, कायम नोकरी, पगाराची श्रेणी, प्रॉव्हिडंट फंड आणि निर्व्यसनीपणा असं मुद्देसूद पत्र केलं. अशी तीन पाठवली. तिची उत्तरं येत गेली, पण दर वेळी आखूड. तिसऱ्याला तर ‘आपलं पत्र पोचलं’ एवढंच. मग मधु पाटलांचा निरोप आला की पोरगी नको म्हणायच्या बेतात आहे.

हरिचंद्र दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन शाळेत गेला, आणि मला न विचारता चौथं पत्र छापून स्वतः पेटीत टाकून आला. प्रिंटरच्या कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्यासुद्धा फाडल्या नव्हत्या. असला कागद! मी म्हटलं, गेलं स्थळ.

पुढच्या रविवारी तुळशी आणि मधु पाटील आमच्या दारात. भागीरथीने पोहे केले. तुळशीने चारही पत्रं पिशवीतून काढून माझ्यापुढे मांडली आणि शांतपणे म्हणाली, “मामा, ही तीन तुमची आणि हे चौथं यांचं. मला चौथं लिहिणाऱ्याशी लग्न करायचंय.”

मधु पाटील हात पुसत म्हणाले, “पोरीला पसंत हाय ना, मंग आपुन कोन मदी बोलनार?” आणि आणखी पोहे घेतले. त्या तीन पत्रांत व्याकरणाची एकही चूक नव्हती हे मात्र एकानेही लक्षात घेतलं नाही.

हरिचंद्राने पहिली तीन पत्रं तुळशीकडून वाचून घेतली. प्रॉव्हिडंट फंडापाशी तो उठला. मंडळी गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही मला वाचून दाखवलंत त्यातलं किती खरं होतं?”

मी म्हटलं, तू जेव म्हणजे सांगतो. त्याने ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्याचं टपाल शाळेच्या पत्त्यावर जातं आणि तिथला ड्रॉइंगचा मास्तर शशिकांत ते वाचून दाखवतो. मी एकदा खिडकीशी उभा राहून ऐकलं. (सहज गेलो होतो.) श्रद्धांजली असो की क्रिकेट, त्याला आवाज एकच. रेशनच्या रांगेतले नंबर पुकारावेत तसा वाचतो. आणि हरिचंद्र ते मुकाट्याने ऐकून घेतो! घरी जेवण झालं की तो आतल्या खोलीत डब्याशी बसतो आणि मी बाहेर पेपराशी. पेपर मी मनात वाचतो. अक्का, तुझ्याकडे काय लपवायचं, मला अजिबात करमत नाही. वाचताना ऐकणारा नसला तर मजकूर डोक्यात शिरत नाही असं माझं झालं आहे.

असो. यंत्राविषयी माझं मत तुला कळलंच असेल. असल्या निर्बुद्ध वस्तूवर मी आणखी शाई घालवत नाही. वैशाखातला मुहूर्त निघाला आहे, तू आणि दाजी आठ दिवस आधी या. येताना सुके बोंबील आण, इथले सगळे मिठाचे असतात. थोरांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
धोंडिबा

ता. क. : महत्त्वाचं राहिलंच. या डब्याला कागदावर ठिपके उठवता येत नाहीत! त्याला निराळं यंत्र लागतं आणि ते त्या संस्थेच्या बाईंच्या बापालाही परवडणार नाही. हरिचंद्राच्या अंधशाळेतल्या दोस्तांना लग्नाची आमंत्रणं ब्रेलमध्ये जायला हवीत. मराठीत. परीक्षेच्या दिवसांत तो एकटा किती टोचणार? तेव्हा तू त्याला लिही की हे काम मामाकडे दे. तुझं म्हणून लिही. मी सुचवलं असं कळता कामा नये. आणि ते पत्र घरच्या पत्त्यावर टाक, म्हणजे कुणीतरी नीट वाचेल.

ता. क. दुसरा : भागीरथीने वरचं वाचलं. म्हणाली, उरणला पत्र कशाला धाडता, तो भिंतीपलीकडे बसलाय, उठा आणि विचारा. बायकांना टपाल खात्याची किंमत नाही.

ता. क. तिसरा : वरची विनंती रद्द समज. मी गेलो होतो. (पाणी प्यायला.) त्याने विचारलं, “कोण, मामा?” मी काही बोलायच्या आत त्याने जाड कागदांचा गठ्ठा, पाटी आणि टोचून ठेवलेला एक नमुना माझ्या हातात दिला. म्हणाला, अशीच सगळी करा. अट एक, प्रत्येक आमंत्रण मी बोटांनी तपासणार, एक ठिपका कमी नाही की जास्त नाही. मी कबूल केलं. न करून सांगतो कुणाला?

बाहेर येऊन दिव्याखाली नमुना वाचला. मुहूर्त, पत्ता, सगळं ठीक आहे. पण खाली त्याने आपल्या मनानेच लिहिलं आहे : ‘हे आमंत्रण माझ्या धोंडिबामामांनी हाताने टोचलं आहे. माझं आजवरचं सगळं वाचन त्यांच्या आवाजात झालं. त्यातलं कितपत कागदावर होतं कोण जाणे, पण मला दुसरा आवाज नको होता.’

हे काय आमंत्रणात घालायचं? चारचौघांत बरं दिसतं का? एरवी मी ते पहिल्यांदा गाळलं असतं, पण आता मला अट आहे. तेव्हा अक्का, तू आई आहेस, तूच त्याला लिही की त्या ओळी काढून टाक.

घाई करू नकोस. गुडघा दुखत असताना पोस्टात जाऊ नकोस. चार-आठ दिवसांनी सवडीने पत्र टाक, तोवर माझी सगळी आमंत्रणं टोचून होतील.