पाण्याचं कलम, वाटेचं कलम

६ जानेवारी, मंगळवार
अंगारकी. उपास.
वकील मॅडमनी तात्यांचं वाटणीपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "काका, याचे तुकडे करायचेत."
एकतीस पानं. तात्यांना जाऊन सात वर्षं झाली. राहात्यात जन्मभर दस्त लिहीत बसलेला माणूस. मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं. हे वाटणीपत्र त्यांनी एकदा लिहिलं, आणि पुढे प्रत्येक वाटणीला तेच समोर ठेवून, नावं अन् गट नंबर बदलून आम्ही लिहीत आलो. मॅ.च्या वडिलांच्या वकिलीतही हेच चाललं.
मॅ.चं म्हणणं, प्रत्येक कलम सुटं करायचं. नावाच्या जागी रिकामी चौकट. सगळी कलमं कॉम्प्युटरमध्ये एका ठिकाणी. नवे पक्षकार आले की हव्या त्या कलमांपुढे खूण करायची, दस्त आपोआप जुळून येतो.
पहिलं पान उघडलं. टाइप केलेलं आहे, तरी तात्यांचा आवाज ऐकू येतो. आज एकही तुकडा केला नाही. अंगारकीला मोडतोड नको, असं स्वतःला सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार
मॅ.नी नियम दिला, कलम एकटं उभं राहिलं पाहिजे. मागचं-पुढचं न वाचता कळलं पाहिजे. तात्यांच्या तर दर ओळीत "वरील", "सदर", "उपरोक्त".
संध्याकाळी कलमं घरी आणून सौ.ला वाचून दाखवतो. ती वाटाणे सोलत ऐकते.
"वरील झाडाच्या फळांचा हिस्सा..."
"कंचं झाड?"
"वर सांगितलंय."
"मला कुठं सांगितलं?"
बरोबर आहे. तिनं 'कंचं' किंवा 'कुनाचं' विचारलं की समजायचं, कलम अजून सुटलेलं नाही. अकरा कलमं पुन्हा लिहिली. शेवटी म्हणाली, "वाटनी कुनाची का असंना, डोकं माजं खाताय."

१३ जानेवारी, मंगळवार
भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी.
कलम १९, देवाचं. "कुलदैवताचे टाक थोरल्याकडे राहतील, परंतु धाकट्यास व त्याच्या कुटुंबास दर्शनास व पूजेस येण्यास कोणी हरकत करू नये." हे कलम कुठून आलं ते तात्यांनी एकदा सांगितलं होतं. एका गावात धाकटा भाऊ नारळ घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत थोरल्याच्या दाराबाहेर उभा होता. दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या दस्तात हे कलम आलं, ते कायमचं.
आता बाकीच्या कलमांकडेही तसंच बघतो. प्रत्येकामागे कुणीतरी कुठेतरी उभं राहिलेलं असणार. आंब्याची फांदी बांधाबाहेर गेली तर काय. म्हाताऱ्या आईला कुणी किती महिने सांभाळायचं, आणि ती म्हणाली "मी कुठंच जात न्हाई" तर काय. एका माणसाला एवढं कसं दिसलं असेल? इतकी वर्षं उतरवून काढलं, कधी विचारच केला नाही.
मॅ. म्हणतात देवाच्या नावाच्या जागीही चौकट ठेवा, प्रत्येकाचा देव वेगळा. हात धजेना. मग ठेवली. मनात नमस्कार केला.

१६ जानेवारी, शुक्रवार
कलम १२, विहिरीचं. अख्ख्या दस्तात सगळ्यात लांब वाक्य. ज्याचा विहिरीत हिस्सा त्याला पाण्याचे वार ठरलेले, आणि त्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून येण्याजाण्याचा, माणसं, बैल, पाइप नेण्याचा हक्क निरंतर. मध्ये कुठेही पूर्णविराम नाही.
तात्यांची पद्धत: दस्त नोंदवायच्या आधी पक्षकारांना उभं राहून सगळा वाचून दाखवायचा. लांब कडेला बसलेल्या बाईलाही ऐकू गेला पाहिजे. पुढे ते काम माझ्याकडे आलं. कलम १२ वाचताना मी एकदा मध्येच थांबलो, तर म्हणाले, "इथं दम घ्यायचा न्हाई. एका दमात."
मला वाटायचं, जुन्या माणसाची वाचायची ढब. आज ते वाक्य मधोमध तोडलं. एक पाण्याचं कलम, एक वाटेचं. पहिलं 'विहीर' या कप्प्यात, दुसरं 'रस्ता' या कप्प्यात. मॅ. खूश. "बघा काका, किती स्वच्छ झालं."
मलाही बरं वाटलं. सौ.नंही काही विचारलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार
पूर्ण. एकतीस पानांची चौसष्ट कलमं.
मॅ.नी खोटी नावं घालून दाखवलं. सोळा ठिकाणी खूण केली, एक कळ दाबली. समोर नऊ पानी वाटणीपत्र. नावं जागच्या जागी, दिशा जागच्या जागी. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मॅ. हसल्या, "काय झालं काका?" काय सांगू? लहानपणी सप्त्याच्या पंगतीला शंभर पानं एकदम वाढून झालेली बघितली की असंच उभं राहायला व्हायचं.

२९ जानेवारी, गुरुवार
एकादशी. कॉम्प्युटरमधल्या कलमपेटीतला पहिला खरा दस्त आज नोंदवला. आमच्या शेजारच्या गावचे. थोरला गोरख, धाकटा दत्तू, बहीण मंदाबाई. मंदाबाईला नवऱ्यानं टाकली, वीसेक वर्षं माहेरी. म्हातारी आई दत्तूकडे, तिनं आपला हक्क आधीच सोडून दिलेला. बाप मरताना बोलून गेला होता, पोरीला पूर्वेचा अर्धा एकर. तो तिला. त्यात कांदा उभा आहे.
उरलेल्याचे वाटे रीतीप्रमाणे. थोरल्यानं करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. गोरखनं दोन केले, पश्चिमेचा विहिरीसकट आणि मधला रस्त्याला लागून. दत्तूनं मधला उचलला. विहीर तिघांची. मंदाबाईचे वार मंगळवार, शुक्रवार.
खुणा मी केल्या. दस्त निघाला. इतका नेटका कागद की मी तो नुसता त्यांच्या हातात दिला. "वाचून घ्या." गोरखनं पानं उलटली. "तुमी लिवलं म्हंजे झालं." फोटो, अंगठे, सह्या. दीड वाजता मोकळे.
मंदाबाई जाताना म्हणाली, "तात्या असते तर वाचून दावलं असतं."
मी म्हटलं, आता तेवढं लागत नाही, आक्का.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी ऑफिस उघडलं तर मंदाबाई पायरीवर. पिशवीत दस्ताची नक्कल.
"भाऊ, दत्तूनं बांधावर बोरीची काटी टाकली. मंगळवारी पाइप घिऊन गेले तर म्हनतो, पानी तुजं हाय, घे ना. पन माज्या बांधावरनं पाय टाकायचा न्हाई. कागदात दाव म्हनतो." नक्कल माझ्यापुढे केली. "मला वाचता येत न्हाई. तुमी वाचा. समदं."
उभा राहून वाचायला लागलो. पाचव्या पानावर पाणी आलं. मंगळवार, शुक्रवार. तिनं मान हलवली. "आता वाट ईल."
सहावं पान. सातवं. ती डोळे मिटून ऐकत होती. आठव्याला मला कळलं होतं, तरी वाचत राहिलो. नववं संपलं.
"झालं?"
"झालं."
"वाट राह्यली."
दस्त घडी करून पिशवीत ठेवला.
वाटेचं कलम 'रस्ता' कप्प्यात आहे. जमीन रस्त्याला लागून, म्हणून मी तो कप्पा उघडलाच नव्हता. एकतीस पानांच्या दस्तात हे घडूच शकलं नसतं. पाणी लिहिलं की वाट त्याच वाक्यात, त्याच दमात येत होती. तात्यांचा दम म्हणजे वाचायची ढब नव्हती. मी मधोमध कापलं ते काय कापलं, हे आज समजलं. आणि त्या दिवशी मोठ्यानं वाचलं असतं, तर त्या बाईनं तिथंच धरलं असतं.


७ फेब्रुवारी, शनिवार
मॅ.ना सगळं सांगितलं. म्हटलं, तोडलं मी, खुणा मी केल्या, वाचलं नाही तेही मी. त्यांनी पडद्यावर ती दोन कलमं शेजारी शेजारी उघडली. मग, "स्वच्छ झालं, असं मीच म्हणाले होते."
उपाय: चूक दुरुस्ती पत्र. तिघांच्याही सह्या लागतात, सोमवारी बोलवायचं. दत्तूनं नाही केली तर कोर्ट.
"कोर्टात वाट मिळेल काका. विहिरीला दुसरीकडून रस्ताच नाही."
"कधी?"
कांद्याला कालची पाळी चुकली, मंगळवारची त्याआधीच. अजून दोन चुकल्या तर गेला.
संध्याकाळी मारुतीला तेल घातलं. मागायचं काय ते सुचेना. दत्तूची सही मागू, की माझी चूक पदरात घे म्हणू? नुसता उभा राहिलो.

८ फेब्रुवारी, रविवार
त्यांच्या वावरात गेलो. दत्तू डाळिंबासाठी खड्डे आखत होता. चुना, दोरी. बसा म्हणाला, पण चहाचं बोलला नाही.
"कागद तुमीच लिवला. आता तुमीच म्हनता चुकला."
"चुकला. माझ्या हातून."
"मंग भोगा तुमी. मला काऊन?" चुन्याची रेघ ओढत म्हणाला, "हितं ड्रिप अंथरायची हाय. ती दर पाळीला पाइप वढनार. अन् वीस वर्सं बिनकागदाचं चाललं का न्हाई? मी कवा अडवली? तीच म्हनली, कागदात नाव घाला. भावावर इस्वास न्हाई, कागदावर हाय. घे मंग कागद."
हे मला माहीत नव्हतं. त्याचंही दुखलेलं आहे.
विचारलं, "दत्तू, खरं सांग. त्या दिवशी मी मोठ्यानं वाचलं असतं, त्यात वाट असती, तर हरकत घेतली असतीस?"
दोरी गुंडाळत राहिला. "त्या दिशी न्हवती घेतली."
"मग आज?"
"त्या दिशी बाप आटवत हुता. आज डाळिंब आटवतं."
जुन्या दस्तातलं कलम १२ खिशात होतं. वाचू का म्हटलं. त्यानं दोरी खाली ठेवली. वाचलं. एका दमात. पन्नाशीला आलो, शेवटी छाती भरून आली. त्यानं मान वर केली. "हे तात्यांचं?"
"हो."
"सोमवारी बगू."
निघताना बांधाकडून आलो. काटी एका अंगानं ओढलेली दिसली. कुणी ओढली कळलं नाही. दत्तूची बायको लांब खुरपत होती, मान खाली. माणूस जाईल एवढी फट. पाइप जाणार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी पहिलं काम, दोन्ही कलमं पुन्हा जोडली. मॅ. म्हणाल्या, नुसतं जोडायचं कशाला, कॉम्प्युटरला सांगून ठेवू: पाण्यापुढे खूण झाली की वाट आपोआप यायलाच हवी. करून दाखवलं. पाण्यावर खूण केली, खाली वाट उमटली. तात्यांच्या छातीत होतं ते आता त्या यंत्रातही. बाकीच्या बासष्ट कलमांत आणखी कुठली जोडी तोडली असेल? एकेक पुन्हा मोठ्यानं वाचायचं ठरवलं. सौ.ला अजून सांगितलं नाही.
दुरुस्तीपत्र दीड पानाचं. दहा वाजता गोरख आणि मंदाबाई बाकावर. अकरा. गोरखनं फोन लावला, उचलला नाही. पाऊण वाजता गाडीचा आवाज. दत्तू. चप्पल काढून आत आला, आक्काकडे न बघता उभा.
"आदी वाचा. समदं. मोठ्यानं."
वाचलं. एका दमात जिथं वाचायचं तिथं एका दमात. मंदाबाईनं डोळे मिटले होते. वाट आली तेव्हा तिनं मान हलवली. दत्तू ते बघत होता.
"परत वाचा," म्हणाला.
इतक्या वर्षांत दस्त परत वाचा म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. परत वाचला.
गोरखनं सही केली. मंदाबाईनं अंगठा. पेन दत्तूपुढे धरलं. त्यानं घेतलं नाही. कागदाची झेरॉक्स मागितली, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "आयला वाचून दावतो. तिला बी कळू दे काय ठरतंय." दारात थांबला. "आक्का, चल. गाडीवर बस."
ती गोरखकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. मग गेली. मागे बसून, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून.
सहीची तिसरी जागा कोरी आहे. कागद मी देवाच्या फोटोखाली ठेवला, अर्धवट राहिलेला दस्त तात्या ठेवायचे तसा.
उद्या मंगळवार. पाण्याची पाळी मंदाबाईची.