जाहिरातीतली सगुणा

चुडावा, ता. पूर्णा
मंगळवार, दुपारी

आदरणीय साडूभाऊ महारुद्रराव यांना बन्सीधरचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? हेडमास्तरांनी तुमचं टेबल खालच्या मजल्यावर आणलं, की अजून नुसतं "बघू" म्हणायलेत? सौ. राजेश्रीला आणि चि. सृष्टीला आशीर्वाद सांगा. (सृष्टीला बारावीला किती पडले ते राजेश्रीनं फोनवर सांगितलं होतं, पण मी तेव्हा ट्रॅक्टरवर होतो, मला नुसतं "टक्के" एवढंच ऐकू आलं. आवाजावरून चांगले पडले असावेत.) इकडं आईची तब्येत ठीक, तिची जीभ त्याहून ठीक. सोयाबीन यंदा बरं आहे.

पत्र बघून दचकला असाल. हल्ली पोस्टमन दारात आला की माणूस आधी बँक आठवतो, मग कोर्ट. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि राजेश्री कायम शेजारी, म्हणून मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलंय. एकट्यानं वाचा. मग तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात.

गोष्ट अशी झाली, की ट्रॅक्टरचं तेल बदलायचं होतं. आपला तो जुना एस्कॉर्ट तुम्हाला माहीतच आहे. (ट्रॅक्टरचा काही दोष नाही, त्याच्यासारखा इमानी प्राणी नाही. सर्व्हिसिंगची वेळ झाली होती इतकंच.) पूर्णेचा मिस्तरी लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेलेला. तेव्हा बांधावर बसून मी मोबाईलमध्ये लिहिलं, "एस्कॉर्ट सर्व्हिस परभणी". साडूभाऊ, शपथेवर सांगतो, माझ्या मनात तेलाशिवाय काही नव्हतं. पण मोबाईलनं जे दाखवलं ते बघून मी आधी बैलाकडं पाठ फिरवली. ओळीनं बाया. अर्ध्यामुर्ध्या कपड्यांतल्या. परभणीत इतक्या उंच बाया आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बंद करावं म्हणून बोट लावलं, तर ते बंद व्हायच्या ऐवजी आणखी खाली सरकलं, आणि तिथं सगुणा हसत होती.

आपली सगुणा. तुमची मेव्हणी. पाच वर्षं झाली तिला जाऊन, आणि ती माझ्या तळहातावर हसत होती. खाली लिहिलेलं: "काजल, वय चोवीस, पुण्याची कॉलेज युवती, फाडफाड इंग्रजी." जी बाई आठवीत शाळा सोडून आली, जी पुण्याला आयुष्यात एकदाच गेली ती दवाखान्यासाठी, आणि जिला इंग्रजीतलं "टॅबलेट" एवढंच येत होतं (तेही शेवटच्या वर्षी शिकली), तिचं हे असं केलेलं. कपाळावरची टिकली पुसलेली, रंग दुधात बुडवल्यासारखा, मागं कुठल्यातरी हॉटेलचा पलंग. पण वरच्या दातावर चढलेला दात तसाच होता. आणि जांभळं लुगडं. ते तिनं एकदाच नेसलं, तुमच्या सोनपेठच्या घराच्या वास्तुशांतीला. म्हणजे फोटो राजेश्रीच्या फेसबुकवरून उचललेला, त्यात शक नाही. राजेश्रीला बोलू नका, तिचा काय दोष? बहिणीचा फोटो टाकणं गुन्हा थोडाच आहे?

मी नंबर फिरवला तो शिव्या द्यायला. चांगल्या चार शिव्या जुळवून ठेवल्या होत्या, त्यातली एक आईकडून उचललेली. पलीकडून कुणी माणूस लय अदबीनं म्हणाला, "बोला सर." त्या "सर"नंच माझी पहिली शिवी गेली. मी म्हणालो, "या फोटोतल्या बाई..." तो म्हणाला, "काजल ना? आहे ना सर. आजच मोकळी आहे."

साडूभाऊ, इथं जरा थांबून वाचा. पाच वर्षांत सगुणाबद्दल कुणी "आहे" म्हणालं नव्हतं. सगळे "होती" म्हणतात. तुम्ही तर तेही म्हणत नाही, मी तिचं नाव काढलं की पावसाचा विषय काढता. (राग नाही. माझं बरं व्हावं म्हणूनच काढता, ते कळतं.) आणि हा अनोळखी माणूस छातीठोक म्हणतोय, आहे, मोकळी आहे, चार वाजता येईल. मी विचारलं, "खरंच येईल?" तो म्हणाला, "शंभर टक्के सर, फोटोत आहे तशीच." तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. तिला अग्नी मीच दिलाय. तरी माझ्या तोंडून निघालं, "लॉजवर नको. स्टेशनसमोर रसवंती आहे, तिथं पाठवा." गाडीभाडं म्हणून त्यानं आधी काही पाठवायला लावलं, ते पाठवलं. किती ते विचारू नका.

मग मी दाढी केली. आई ओसरीवरून म्हणाली, "आज कुणाचं लगीन हाय?" मी म्हणालो, तेल आणायला चाललोय. "तेल आणायला अत्तर लावून?" असं म्हणून तिनं मान फिरवली, ती मी स्टेशनाला निघेपर्यंत परत वळवली नाही. इस्त्रीचा शर्ट, तोही सगुणानं घेतलेला, पोटावर आता तंग होतो. गाडीत पूर्णेपर्यंत मी स्वतःला समजावलं, की आपण त्या लबाड माणसाला रंगेहाथ धरायला चाललोय. पूर्णेच्या पुढं समजावणं बंद केलं. परभणीत उतरून आधी पावशेर गोडीशेव घेतली. सगुणाला बाजारातून दुसरं काही आणलेलं चालायचं नाही. रंगेहाथ धरायला जाणारा माणूस गोडीशेव घेतो का, हे तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, की मला माहीत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी एक बाई आली. पंचेचाळिशीची, तोंडाला ओढणी, हातात पिशवी, टाचांना भेगा. माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "काजल." तुम्ही हसाल, पण इतका वेळ मी कुणाची वाट बघत होतो ते तेव्हा कळलं. मी म्हणालो, "तुम्ही त्या न्हाईत." ती म्हणाली, "फोटोतली मी न्हाई, ते मला म्हाईत हाय. भांडायचं असंल तर लवकर भांडा, मला सव्वापाचची गाडी हाय."

मी मोबाईल पुढं केला. "ही माझी बायको आहे."

"मग घरी जाऊन भांडा की तिच्यासंगं."

"ती वारली. पाच वर्षं झाली."

तिनं ओढणी खाली घेतली. फोटो बराच वेळ बघितला, माझा मोबाईल हातात घेऊन, जवळ धरून. मग म्हणाली, "कुणाचा फोटो लावत्यात ते आमाला दावत न्हाईत. गिऱ्हाईक येतंय, माझ्याकडं बघतंय, आन् वरडायला लागतंय, फसवलं म्हणून. एकानं तर हात उचलला. मी कुणाला फसवलं? मला वाटायचं, या फोटोतल्या बाया कुठंतरी मजेत असतील."

रसवंतीवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. मी शिव्या द्यायला आलो होतो, पण समोर शिव्या देण्यासारखं कुणी नव्हतं. मी गोडीशेवीचा पुडा उघडला. तिनं दोन काड्या खाल्ल्या, आणि मग असं विचारलं की जे मला माझ्या सख्ख्या माणसांनी विचारलं नाही. म्हणाली, "कशी होती ओ?"

साडूभाऊ, मी पाऊण तास बोललो. ती भाकरी थापताना हिशोबानं तीनदाच बोलायची ते सांगितलं. मला "अवो" म्हणायची, आणि रागावली की "बन्सीधरराव" म्हणायची ते सांगितलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं नर्सबाईला माझं जेवण झालं का विचारायला पाठवलं, आणि मी झालं म्हणून खोटं सांगितलं, तेही सांगितलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. बाई मध्ये मध्ये "बरं" म्हणत होती, आणि एकदा डोळे पुसले, त्यांचे का माझे ते आठवत नाही. त्यांनी आपलं खरं नावही सांगितलं. ते पत्रात लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

उरलेली गोडीशेव मी त्यांच्या पिशवीत घातली, घरी पोरगी आहे म्हणाल्या. जाहिरातीतून फोटो काढून टाकायला त्या माणसाला सांगाल का, विचारलं, तर म्हणाल्या, "माझं कोण ऐकतंय? तुमी पोलिसात द्या. माझं तेवढं सांगू नका." उठताना पुन्हा एकदा मोबाईल मागितला, बघितलं, आणि म्हणाल्या, "हसती लय छान होती. उगंच काजल केलं तिला." सव्वापाचच्या गाडीत बसवूनच मी माझ्या गाडीकडं वळलो.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडं गेलो. टेबलावरचे जमादार भला माणूस. "जाहिरात तुम्हाला कशी सापडली?" मी सांगितलं, ट्रॅक्टरचं तेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मागच्या शिपायाकडं, मग दोघांनी मिळून माझ्याकडं. "ट्रॅक्टरचं तेल," असं त्यांनी कागदावर लिहून खाली रेघ मारली. मी म्हणालो, शंका असेल तर स्वतः लिहून बघा. त्यांनी सरकारी कॉम्प्युटरवर लिहिलं, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर परभणीतल्या सगळ्या उंच बाया एकदम आल्या. नेमके तेव्हाच मोठे साहेब चहाचा कप घेऊन मागून आले. जमादार ताडकन उभे राहिले, सलाम ठोकला आणि म्हणाले, "सर, ट्रॅक्टरचं तेल!" साहेब कप घेऊन आल्या पावली परत गेले. त्यानंतर जमादारांनी माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला. अर्ज, शिधापत्रिका आणि तिचा मृत्यूचा दाखला आणा म्हणाले, चार दिवसांत फोटो निघून जाईल.

तर असं आहे. अर्ज लिहून झालाय, सुवाच्य अक्षरात. तुम्ही तेवढं राजेश्रीला आणि सृष्टीला सांगा, की फेसबुकवर फोटो टाकताना ते अनोळखी लोकांना दिसणार नाहीत असं बघावं. कारण काय ते तुम्ही काहीही सांगा. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा. आई तुम्हाला आठवण सांगते. (सांगितलेली नाही, पण विचारलं असतं तर सांगितली असती.)

तुमचा,
बन्सीधर

ता. क. ट्रॅक्टरचं तेल शेवटी जिंतूरच्या एका मिस्तरीनं येऊन बदललं. आई त्याला दारातच म्हणाली, "तुमीच व्हय ते अत्तरवाले?"

ता. क. २. वर अर्ज लिहून झाला म्हणालो ते खरं, पण दिलेला नाही. आज अकरा दिवस झाले. खिशात आहे. ती अशी हसतानाचा फोटो माझ्याजवळ एकही नाही. घरात आहेत ते लग्नातला, खाली मान घातलेला, आणि शिधापत्रिकेवरचा. हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पानावर बघितला, आणि अर्ज दिला की तो तिथून जाणार. रोज जेवण झालं की मी ते पान उघडतो. हे बरं नाही, परका माणूस तिच्याकडं कसा बघत असेल ते मला कळतं. म्हणून राजेश्रीकडून मूळ फोटो मागून घ्या, टिकलीसकट, आणि मोठा करून रजिस्टरनं पाठवा. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी अर्ज देतो.

ता. क. ३. जाहिरातीत फोटो एका बाजूनं कापलाय. ती डावीकडं कुणाकडं तरी बघून हसतेय, ते माणूस दिसत नाही. मूळ फोटोत तिकडं मी असलो, तर पाकिटावर बाहेरच लिहा, म्हणजे पोस्टमनच्या हातात असतानाच मला कळेल. दुसरं कुणी असलं, तर काही लिहू नका. तरी फोटो पाठवाच.