शुद्ध केलेली जबानी

लीड्स,
१६ जानेवारी १९९४

ती. स्व. मधुमावशीस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तिळाच्या वड्या पोचल्या. पोस्टाने त्यांचा चुरा केला होता, पण मी तो चमच्याने खाल्ला, तेव्हा यंदा तरी मी गोड बोलेन अशी आशा ठेव. काकांचा गुडघा कसा आहे? स्टॅनमोरला अजून बर्फ आहे का?

शाळेत स्पॅनिश शिकवून शनिवारी मी सॉलिसिटरांसाठी दुभाष्याचं काम करते, हे तुला माहीत आहेच. सध्या पेरूच्या डोंगरातला एक शेतकरी आला आहे, फेलिसियानो. सैनिकांनी त्याच्या भावाला घरातून उचलून नेलं. याने ते पाहिलं आणि चौकशीत त्यांची नावं सांगितली. तेव्हापासून ते त्याच्या मागावर आहेत. इथे आसरा मिळाला नाही तर त्याला परत पाठवतील, आणि परत गेला तर तो जिवंत राहायचा नाही. सगळी भिस्त त्याच्या जबानीवर आहे.

त्याची भाषा मात्र विचारू नकोस. मी स्पेनमध्ये शिकलेली. मी बटाट्याला पताता म्हणते, तो पापा. माझे मटार गिसान्ते, त्याचे आर्वेखा. त्याच्याकडे मका चोक्लो, शेत चाक्रा आणि तान्हं मूल म्हणजे वावा! स्पेनच्या कॅनरी बेटांवर याच शब्दाचा अर्थ बस. दोन शनिवार बसून मी त्याची जबानी शुद्ध स्पॅनिशमध्ये लिहिली आणि शेजारी इंग्रजी भाषांतर. हकीकत त्याचीच, भाषा तेवढी झाडूनपुसून घेतली. वाचून दाखवली तेव्हा तो मान डोलवत होता, मग सही केली. बाबांना फोनवर सांगितलं तर फार खूश झाले. भाषा गावंढळ असली की साहेबासमोर माणूसही गावंढळ ठरतो, असं म्हणाले.

काकांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
सुलक्षणा

स्टॅनमोर,
३० जानेवारी १९९४

चि. सुलक्षणास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

काकांचा गुडघा काकांसारखाच, कुणाचं ऐकत नाही. बर्फ वितळलं, चिखल राहिला.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला तुझ्या आईची आठवण झाली. सुप्रभाताई लग्न होऊन अकोल्याहून पुण्याला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने सांभार कुठे ठेवलाय म्हणून विचारलं. कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो. सासरचं अख्खं स्वयंपाकघर हसलं. मग तुझ्या बाबांनी, पद्माकररावांनी, तिला शिकवायला घेतलं. मले नाही, मला. काहून नाही, का. अगदी प्रेमाने शिकवलं गं, म्हणून तर तिला भांडताही आलं नाही. इकडे इंग्लंडात हॅरोला आल्यावर ती चारचौघांत तोंडच उघडेना. डॉक्टरांची बायको किती शांत, असं लोक म्हणायचे. शांत कसली! अकोल्यात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. ती मला फोन करायची तेव्हा तू बाजूला उभी राहून तिच्या चुका काढायचीस. दहा वर्षांची होतीस. मला पलीकडून सगळं ऐकू यायचं.

टोमणा नाही मारत. पण मान डोलवली म्हणजे पटलं असं नसतं. ताईही मान डोलवायची. जमलं तर त्या बापड्याला पुन्हा बसव आणि बोलतो तसंच लिहून घे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. पत्र टाकत जा, वाट बघते.

तुझी,
मधुमावशी

लीड्स,
२० मार्च १९९४

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता, म्हणून इतके दिवस उत्तर लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते लाजेने.

फेलिसियानोचा अर्ज फेटाळला. त्याची मुलाखत सरकारच्या दुसऱ्या दुभाष्यासमोर झाली आणि तिथे तो आपल्या नेहमीच्या बोलीत बोलला. नकाराच्या पत्रात लिहिलंय की मुलाखतीतले शब्द डोंगरातले आहेत आणि जबानीतले स्पेनचे. तिकडचा शेतकरी असं बोलत नाही, सबब ही हकीकत दुसऱ्या कुणीतरी रचून दिली आहे. मावशी, मी काहीही रचलेलं नाही. पण शब्दांपुरतं त्यांचं बरोबर आहे.

जूनमध्ये अपील आहे. त्याचा सॉलिसिटर गिरीश विचारतो आहे की साक्षीला उभी राहून शब्द माझे होते असं सांगशील का. सांगितलं तर दुभाष्यांच्या यादीतून माझं नाव जाईल, शाळेतही कळेल. बाबा म्हणतात गप्प राहा, तू फक्त सुधारणा केलीस. मला काही सुचत नाही. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
सुलक्षणा

स्टॅनमोर,
२४ मार्च १९९४

चि. सुलक्षणास,
आशीर्वाद.

तुझे बाबा काय म्हणतात ते मला कळवू नकोस. शेवटचे नऊ दिवस ताई हॉस्पिटलात नुसती वऱ्हाडी बोलत होती. पद्माकरराव उशाशी बसून मला सांगत होते की मेंदूवर परिणाम झालाय, बोलणं असंबद्ध झालंय. एवढा मोठा डॉक्टर! मी म्हटलं, अहो, ती पाणी मागतेय.

हे तुला कधी सांगणार नव्हते. साक्ष दे. यादीतून नाव गेलं तर जाऊ दे. माझं घर आहे, दोन पोळ्या जास्त लाटीन.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी

लीड्स,
२८ ऑगस्ट १९९४

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फेलिसियानो घरी पोचला नाही. अपीलही फेटाळलं, या महिन्यात त्याला विमानात बसवलं. लिमाहून गावाकडे जाताना सैनिकांनी त्याला बसमधून उतरवून नेलं. त्याच्या बायकोने गिरीशला फोन केला. त्यानंतर काहीच कळलेलं नाही, आणि कळेल असं कुणालाच वाटत नाही.

सुनावणीचं तुला लिहिलं नव्हतं, हात धजत नव्हता. मी साक्ष दिली. सगळं कबूल केलं. न्यायाधिकाऱ्यांनी विचारलं, शब्द बदललेत तर प्रसंग बदलले नाहीत कशावरून? हकीकत त्याचीच आहे, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग ते फेलिसियानोला म्हणाले की तू स्वतः सांग, तुझ्या भाषेत, घाबरू नकोस. मला वाटलं, सुटलो.

तो उभा राहिला आणि त्याने माझी जबानी म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, शब्दन् शब्द माझा. गिरीशने दिलेली प्रत तो तीन महिने रोज पाठ करत होता. मुलाखतीत आपण आपल्यासारखं बोललो म्हणूनच नकार आला, अशी त्याची समजूत झाली होती. भावाला फरफटत नेलं तेही त्याने माझ्याच वाक्यांत सांगितलं, माझ्या स्वल्पविरामांवर थांबत. मी बाकावरून थांब म्हणून खुणा करत होते. न्यायाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. म्हणाला, सेन्योरीता, तुम्ही एवढं सुंदर लिहून दिलं होतं, आणि मी मधली एक ओळ विसरलो.

मावशी, मला माफ करू नकोस, पण टाकूही नकोस. शनिवारी येते.

तुझी,
सुलक्षणा